नाव उपलब्ध नाही

सप्टेंबर लागला की लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डच्या रस्त्यावर झाडांवरून कॉन्कर, म्हणजे हॉर्स चेस्टनटच्या बिया, पडायला लागतात. चकचकीत, तपकिरी, हातात घ्यावेसे वाटणारे आणि खायला अजिबात न चालणारे. गाड्यांच्या टपांवर टणाटण आपटतात. शाळेतली मुलं ते दोऱ्यात ओवून एकमेकांच्या कॉन्करवर हाणतात. ज्याचा फुटला तो हरला. इथल्या ऑटमने लोक हळवे होतात. पानं काय, रंग काय, फोटो काय! मला या दिवसांत राग येतो. चांगला मुरलेला, जुना राग. बरणी उघडावी आणि फोड अजून करकरीत निघावी तसा.

याच दिवसांत तिकडे पितृपक्ष असतो. आणि याच दिवसांत पुण्याहून बाबांचा फोन येतो. आजही आला. काय बोलले ते सांगते, पण त्याआधी दोन हजार सहाचा तो ऑटम सांगायला हवा, नाहीतर मी उगाच दुष्ट वाटेन. सांगितल्यावरही वाटले तर माझी हरकत नाही.

तेव्हा आम्हाला इथे येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझा नवरा समीर रोज सकाळी ट्रेनने लंडनला जायचा, कुठल्याशा बँकेच्या सॉफ्टवेअरची मरम्मत करायला, आणि मी डिपेंडंट व्हिसावर घरात. पासपोर्टवर तो शब्द बघून माझं डोकंच फिरलं होतं. डिपेंडंट! पुण्यात मी कॉलेजात इतिहास शिकवत होते, मोडी कागद वाचत होते. मग लायब्ररीच्या बोर्डवर एक चिठ्ठी दिसली: जुनं हस्ताक्षर वाचू शकणारी, चिकाटीची मदतनीस हवी. मोडी वाचलेल्या बाईला इंग्रजांचं जुनं हस्ताक्षर म्हणजे काय, दोन आठवड्यांचा ताप. अशी मी जोनकडे लागले.

जोन निवृत्त शिक्षिका. पांढरे आखूड केस, कोपरांवर ठिगळ लावलेलं कार्डिगन. अमेरिकेतल्या लोकांचे इंग्लंडमधले पूर्वज शोधून द्यायचा तिचा व्यवसाय, आणि तो चालायचा तिच्या डायनिंग टेबलावर, मार्मलेडच्या बरणीशेजारी. आम्ही काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात जाऊन बसायचो. कोट बाहेर, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. मायक्रोफिल्मचं यंत्र घरघरायचं आणि समोरून बाप्तिस्मे, लग्नं, दफनं सरकत जायची. माणसं शोधायचा तो थंड, कागदी वास मला फार आवडायला लागला होता.

त्या वर्षीचं मोठं काम होतं हॅनाचं.

हॅना म्हणजे अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या सरहद्दीवरची एक बाई. डोंगर ओलांडून, पलीकडच्या जंगलात पहिल्यांदा जी कुटुंबं गेली त्यांतली. तिचा नवरा कॅप्टन. त्याच्या नावाचं तिकडे एक गाव आहे, चौकात पुतळा आहे. त्याच्यावर जाडजूड पुस्तक आहे आणि त्यात त्याने मारलेल्या अस्वलालासुद्धा एक आख्खा परिच्छेद आहे. हॅनाला काय? ‘आणि त्याची सुशील पत्नी.’ संपलं. थडग्यावर काय? ‘कॅप्टनची सहचारिणी.’ तिने लाकडी खोपटात पोरं काढली, वाढवली, पुरली. वेढा पडला तेव्हा माहेराहून आणलेल्या कथलाच्या थाळ्या वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या, असं घरातल्या बायका एकमेकींना सांगत आल्या. पण तिचे आईबाप कोण, ती आली कुठून, हे कुणी लिहून ठेवलं नाही. अस्वल कुठल्या ओढ्याकाठी मारलं ते मात्र लिहिलंय!

काम दिलं होतं लोरेटा नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी. केंटकीच्या. हॅनाच्या पणतीच्या पणतीची कोणीतरी. त्यांचा चुलतभाऊ अर्ल हा घराण्याचा स्वयंघोषित इतिहासकार. तो दर कौटुंबिक मेळाव्यात म्हणायचा, हॅना कोणी नव्हतीच, जहाजातून आलेली एक मोलकरीण, तिचं काय शोधायचं? लोरेटाबाई फोनवर जोनला म्हणाल्या, “मला तिचे आईबाप हवेत. आणि मला ते अर्लच्या नाकासमोर धरायचे आहेत.” मी दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकत होते. मला या बाई एकदम आवडल्या.

आता माझा अर्ल.

माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, इथून जवळच स्टॅनमोरला राहतात. सत्तरच्या सुमारास डॉक्टर म्हणून इथे आले, हॉस्पिटलं बदलत बदलत मोठे झाले, तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. माणूस वाईट नाही, हेच तर अवघड आहे. आम्ही आलो तेव्हा हीथ्रोला घ्यायला तेच आले. प्रेशर कुकर दिला, कौन्सिल टॅक्स समजावला, दर गणपतीला घरी बोलावून पोटभर जेवायला घातलं. पण रिकामा वेळ मिळाला आणि त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने काढायला घेतला. पानोपानी पुरुष, पुरुषांच्या पदव्या, पुरुषांचे पत्ते, बायका कंसात.

काकांची एक गोष्ट ठरलेली होती. कुठलाही समारंभ असो, जेवण झालं की ते सुरू करायचे: “मी या देशात आलो ना, तेव्हा माझ्याकडे धड कोट नव्हता. ग्लासगोची थंडी म्हणजे काय चेष्टा आहे? पण माझ्या वहिनीने मला निघताना एक स्वेटर विणून दिला होता. ब्राउन कलरचा. तो पहिला विंटर मी त्या स्वेटरवर काढला. देव माणूस, माझी वहिनी!” लोक ‘वा’ म्हणायचे. सुधाकाकू बशा उचलायची. मी भिंतीकडे बघायचे.

कारण ती वहिनी म्हणजे माझी आई. मी चार वर्षांची असताना तिने बाबांचं घर सोडलं. का, ते तिने कधी चव्हाट्यावर मांडलं नाही, म्हणून मीही मांडत नाही. एवढंच सांगते की हात उगारणारा माणूस बाहेर फार गोड बोलतो. मला कडेवर घेऊन ती मिरजेला माहेरी आली, प्राथमिक शाळेत शिकवायला लागली आणि तिथेच राहिली. बाबांनी यथावकाश दुसरं लग्न केलं. मला सुट्टीत दोन आठवडे पुण्याला पाठवायचे. तिथे आईचा विषय निघत नसे. आंब्याच्या फोडी मात्र भरपूर मिळत.

तर त्या सप्टेंबरात काकांचा फोन. “मंजू, तू त्याच लाइनमध्ये आहेस ना आता? वंशवृक्षाचा मोठा तक्ता करून दे. दिवाळीनंतर हॉल घेतलाय, सगळे येणार आहेत, दादालाही बोलावलंय पुण्याहून. हॉलमध्ये लावू आणि मग पुस्तक छपाईला पाठवू. तुला पानं ईमेल केलीत बघ.”

पानं उघडली. आमचं पान काढलं. बाबांचं नाव, बी. ई. ऑनर्स, सदाशिव पेठेचा पत्ता. खाली:

प्रथम पत्नी : नाव उपलब्ध नाही.
द्वितीय पत्नी : सौ. शैला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. उपलब्ध नाही! कुठे गेलं? नदीत वाहून गेलं? ज्या माणसाने तिचा स्वेटर अंगावर घालून थंडी काढली, त्याला नाव उपलब्ध नाही? आणि ती बाई मिरजेला जिवंत आहे, रोज संध्याकाळी कॉलनीतल्या पोरांचे पाढे घेते, फोन तिच्या नावावर आहे.

मी काकांना फोन लावला. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

“काका, आईचं नाव राहिलंय.”

“अगं, राहिलं नाही. आय गेव्ह इट अ लॉट ऑफ थॉट. कुठलं नाव घालू सांग? आपल्या घरात तांदळात लिहून ठेवलं ते अनुराधा. ते तिने गेल्यावर टाकून दिलं. माहेरचं नाव लावते, ते आपल्या कुळाचं नाही. मग? टेक्निकली बघितलंस तर उपलब्ध नाही, हेच करेक्ट आहे.”

“आणि माझी आई कोण मग?”

“तू आमचीच आहेस गं. तुझं नाव घातलंय की ठळक!”

लग्नात नवऱ्या मुलीचं नाव बदलायचं, ताटात तांदूळ पसरून अंगठीने ते लिहायचं, सगळ्यांनी पेढे खायचे. लहानपणी मला तो प्रकार फार सुंदर वाटायचा. पण ते दिलेलं नाव असतं त्यांचं. तुम्ही निघालात की ते काढून घेतात, आणि जुनं तर आधीच पुसलेलं. समीरच्या घरी हा विषय निघाला तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं होतं, तांदूळ भाताला ठेवा. त्या हसल्या, बिचाऱ्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

त्या रात्री मला झोप लागली असेल तर शपथ. सकाळी जोनकडे गेले ती तोंड पाडूनच. तिने टोस्टचा पहिला तुकडा मांजराला दिला, दुसरा मला, आणि विचारलं. मी सांगितलं. ती इंग्रज आहे, तिने मला जवळबिवळ घेतलं नाही. म्हणाली, “चल, हॅनाला शोधू.”

हॅना सापडत नव्हती. काउंटीत हॅना पोत्याने होत्या. मी सगळीकडे तिच्या नवऱ्याच्या अंगाने शोधत होते: त्याचं गाव, त्याचं जहाज, त्याच्या जमिनी. जोन म्हणाली, “मंजिरी, पुरुष शोधायचा असेल तर त्याचा बाप बघायचा. बाई शोधायची असेल तर तिने मुलींची नावं काय ठेवली ते बघ. नवऱ्याच्या घरात तिला काही ठरवू देत नाहीत. पण थोरल्या मुलीचं नाव ठेवताना ती आपल्या आईला चोरून आत आणते.”

हॅनाच्या थोरल्या मुलीचं नाव होतं थॉमसिन. त्या जंगलात, त्या सगळ्या मेरी आणि एलिझाबेथांच्या गर्दीत, एकटी थॉमसिन. मग मी हॅनाला सोडलं आणि थॉमसिनच्या मागे लागले. एका लहानशा गावाच्या नोंदीत पाद्रीबुवा जरा बरे निघाले; बाकीचे नुसतं बापाचं नाव लिहून मोकळे व्हायचे, यांनी आयांचीही लिहिली होती. हॅना, विल्यम आणि थॉमसिन यांची मुलगी. वय जुळलं, धाकट्या भावंडांची नावंही हॅनाच्या पोरांशी जुळली. मी यंत्रासमोर एवढ्या जोरात “सापडली!” म्हणाले, तेही मराठीत, की पलीकडचे गृहस्थ दचकले.

विल्यम लॉर्डबिर्ड नव्हता. दुसऱ्यांच्या बार्लीची पोती वाहणारा मजूर. म्हणजे अर्लचं खरंच होतं, हॅना मोलकरीण म्हणूनच गेली असणार. जोनने लोरेटाबाईंना भीत भीत कळवलं. त्या थेट विमानात बसूनच आल्या.

ती दुपार माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी आहे. गारगोटीच्या भिंतींचं ते बुटकं चर्च, ओलं गवत, कुंपणावर शेवटच्या काळ्या बेऱ्या. लोरेटाबाई पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज घालून चिखलातून तरातरा आत गेल्या. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या काठावर दोन्ही हात ठेवले आणि मोठ्याने म्हणाल्या, “हॅना. थॉमसिनची मुलगी.” रिकाम्या चर्चमध्ये ते घुमलं. मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. “आता मी घरी जाणार, आणि मेळाव्यात हा कागद अर्लच्या हातात देणार. मी वाचणार नाही हां. त्याच्याकडून वाचून घेणार. मोठ्याने. उभं राहून.”

परतीच्या वाटेवर जोन गाडी चालवत होती, लोरेटाबाई पुढे बसून सँडविच खात होत्या. मी मागे बसून माझा तक्ता मनात आखून टाकला होता.

मी वंशवृक्ष बायकांचा करायचा ठरवला. आमच्याच घराण्याचा, पण बायकांचा. प्रत्येक चौकटीत बाई, तिचं माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव, तिचं गाव. पुरुष असतील, असणारच, त्यांच्यावाचून कसं चालेल? चौकटीखाली, बारीक अक्षरात: पती. नुसतं पती. कॅप्टनच्या बायकोसारखे.

पण नावं कोण देणार? काकांच्या पुस्तकात तर सगळ्या सौ. अमुक आणि कै. तमुक, सगळी सासरची नावं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून इंडियाचं फोनकार्ड आणलं, नाण्याने खरवडलं, आणि मिरजेला फोन लावला.

“कशाला गं ही भानगड,” आई म्हणाली. “जाऊ दे ना. मी काय त्यांच्या पुस्तकावाचून अडून बसले आहे?”

“तू नसशील. मी बसले आहे.”

 मग ती बोलायला लागली. मला धक्काच बसला. तिला सगळ्या पाठ होत्या. पितृपक्षात अविधवा नवमी असते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांच्या नावाने सवाष्णीला जेवायला बोलवायचं. नवी सून म्हणून खीर-वड्यांचा घाट आईवरच. पुरुष जेवून उठले की आजी, म्हणजे तिची सासू, चुलीशी बसून एकेका बाईची हकीकत सांगायची. ही कुठली, हिला माहेरी काय म्हणायचे, ही कशाने गेली. आई वडे तळता तळता ऐकायची. “मथुराबाई कागवाडच्या, माहेरच्या बयो. तिची आई सगुणा. तिला पोहता यायचं म्हणे, नदी ओलांडून माहेरी जायची. सासूबाई स्वतः? त्यांना माहेरी चंपा म्हणायचे. लग्नानंतर कुणी त्या नावाने हाक मारली नाही, असं म्हणाल्या आणि हसल्या.”

ज्या घराला हिचं नाव उपलब्ध नव्हतं, त्या घरच्या सगळ्या नावांची राखण हीच करत होती. कार्ड मधेच संपायचं. मी पुन्हा दुकानात पळायचे. दुकानदार म्हणाला, इंडियात कोणी आजारी आहे का?

शेवटी मी विचारलं, “तुझं काय लिहू?”

“कुमुद,” ती लगेच म्हणाली. “आणि माझ्या आईचं लिही, द्वारका. गाव मिरज.” आणि मग, “शैलाचंही नीट लिही हां. तिने काही केलेलं नाही.”

शैलामावशींचं नीट लिहिलं. सुधाकाकूचंही, ती तर फोनवर माहेरचं नाव सांगताना लाजली. “निर्मला होते गं मी. निमा. आता कोण हाक मारणार!” आणि बाबांपाशी आले. दोन चौकटी, कुमुद आणि शैला, मध्ये जोडणारी रेघ. बाकी सगळ्या पुरुषांना मी नुसतं ‘पती’ लिहिलं होतं. इथे मात्र पूर्ण वाक्य लिहिलं. पती : नाव उपलब्ध नाही.  इतकं सुख मला त्या आख्ख्या वर्षात झालं नव्हतं. हाय स्ट्रीटवरच्या प्रिंटवाल्याने तो आडवा लांब तक्ता छापून दिला, त्याला मराठी येत नव्हतं हे बरं.

समारंभ ज्या रविवारी, त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास मागे जातात. पस्तीसेक वर्षं या देशात काढलेल्या काकांना बरोबर त्याच दिवशी त्याचा विसर पडला. हॉस्पिटल सुटल्यापासून घड्याळाचा धाक राहिला नव्हता ना! मी हॉलवर हातोडी घेऊन, खुर्चीवर चढून तक्ता ठोकत होते, हीटर अजून तापला नव्हता, तेवढ्यात दार उघडलं. काका बाबांना सोडून, “अरे, कोणीच कसं नाही?” करत, आत न येताच वेंब्लीला बटाटेवडे आणायला निघून गेले. आणि त्या गार, रिकाम्या हॉलमध्ये बाबा आणि मी.

बाबा म्हातारे झाले होते. सुटावर मफलर, कानटोपी. मी एक क्षण विरघळले असते, खोटं कशाला बोलू. पण ते तक्त्यापाशी गेले, चष्मा सारखा केला आणि वाचायला लागले.

“वा! मोठं काम केलंस. मथुराबाई... बयो? अच्छा.” बोट खाली आलं. “चंपा? आईचं नाव चंपा होतं?”

“माहेरचं.”

“मला माहीतच नव्हतं.” त्यांचा आवाज एकदम लहान झाला. “तुला कोणी सांगितलं?”

“आईने.”

 बोट आणखी खाली आलं, शैलाच्या चौकटीवर थांबलं, कुमुदवर थांबलं. मग मधल्या रेघेवर आलं. हीटर टकटक करत होता. बाहेर कोणीतरी गाडी लावली आणि निघून गेलं.

“मंजू, हे काय आहे?”

“नाव मिळालं नाही, बाबा.”

“मिळालं नाही म्हणजे? मी इथे तुझ्यासमोर उभा आहे!”

“आईपण मिरजेला उभीच आहे. फोन लागतो तिला. कोड नंबर देऊ?”

ते माझ्याकडे बघत राहिले. चिडले की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. लहानपणी त्या पाळ्या दिसल्या की मी पलंगाखाली जायचे. आता झाल्या लाल. मी खुर्चीवरच उभी होते, त्यांच्यापेक्षा उंच. मी हातोडी खाली ठेवली नाही. शेवटी तेच एका खुर्चीवर बसले आणि कानटोपी काढून मांडीवर घडी घालत बसले.

तासाभरात हॉल भरला. काका वडे घेऊन आले, तक्ता बघितला आणि ओरडले, “हे काढ आधी! मस्करी आहे का?” पण तोपर्यंत बायकांनी तिथे गर्दी केली होती. कोणी आजीचं नाव शोधत होती, कोणी फोटो काढत होती. काकांची मुलगी रिया, इथेच वाढलेली, लांबून ओरडली, “मंजूताई, हा ट्री खूप मस्त झाली आहे! पण डॅड, तुम्ही कुठे? आय कान्ट फाइंड यू!”

सुधाकाकू हातातल्या बशा टेबलावर ठेवून पुढे आली. तिने आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग काकांना म्हणाली, “राहू दे तो. तुम्ही आहात की. हे काय, माझ्याखाली. पती.” जो हशा पिकला तो काही केल्या थांबेना.

जेवण झालं. सवयच ती, काकांनी माइक घेतला. पडलेला चेहरा सावरत सुरू झाले: “मी या देशात आलो तेव्हा माझ्याकडे धड कोट नव्हता...” ग्लासगो आलं, थंडी आली. “पण माझ्या वहिनीने मला एक स्वेटर...”

“काका,” मी मागून उभी राहिले. “वहिनीचं नाव काय?”

 सगळ्यांना माहीत होतं, हीच तर गंमत. पहिल्या रांगेत बाबा खाली बघत होते. काकांनी माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, मागे भिंतीवर बघितलं.  मला त्यांची दया आली नाही. मी वाट बघत उभी राहिले. लोरेटाबाई तिकडे अर्लसमोर अशाच उभ्या राहणार होत्या.

“कुमुद,” काका म्हणाले. माइकमधून ते जरा जास्तच मोठं आलं. मग माइक खाली करून, स्वतःशीच म्हणाल्यासारखं, “कुमुदवहिनी.”

संध्याकाळी घरी येऊन आईला फोन लावला. तिकडे उशीर झाला होता, पण ती जागी होती. सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “स्वेटरचं सांगतो का अजून? गळा घट्ट झाला होता त्याचा. मी म्हटलं उसवून देते, तर ऐकेना, असाच घेऊन गेला.” आणि मग, “मंजू, पुरे आता. त्यांचंही नाव घालून टाक.”

आईचं सगळं ऐकते मी. हे एक सोडून.

पुस्तक छापून आलं. त्यात आमच्या पानावर स्वच्छ लिहिलंय: प्रथम पत्नी कुमुद, माहेर मिरज. काकांनीच बदललं, मला न सांगता. आत तक्ता मात्र त्यांचा स्वतःचा, पुरुषांचा, दुसऱ्याकडून करून घेतलेला. असू दे. लोरेटाबाईंचं कार्ड आलं, अर्लने उभं राहून वाचलं आणि बार्लीच्या पोत्यांपाशी त्याला ठसका लागला. जोनने ते कार्ड मार्मलेडच्या बरणीला टेकवून ठेवलंय.

आणि माझा तक्ता सुधाकाकूने फ्रेम करून स्टॅनमोरच्या डायनिंगमध्ये लावलाय, बरोबर टेबलासमोर. आमच्या घराण्यातलं लंडनला येणारं प्रत्येक माणूस काकांकडे जेवतं. जेवताना ते वाचतं. आणि पुण्याला परत गेल्यावर सदाशिव पेठेत जाऊन सांगतं.

तर आज दुपारी बाबांचा फोन आला. आता आवाज थकलाय, मधेच धाप लागते. इकडचं तिकडचं झालं. पाऊस, गुडघे, शैलामावशींची साखर. बाहेर कॉन्कर गाडीवर पडत होते. मला माहीत होतं ते कुठे येणार आहेत. दरवर्षी तिथेच येतात.

“मंजू... तो तक्ता. सुधाकडचा. त्यात माझं नाव घातलंस का गं?”

“शोधतेय, बाबा,” मी म्हटलं. “अजून मिळालेलं नाही.”